जिनेशच्या पुढची मोकळी जागा

"गुलाबबाई..." हे नाव हेडफोनमधून कानात उतरलं आणि जिनलचा माऊसवरचा हात जागच्या जागी थबकला!

तिनं गाणं मागे नेलं. पुन्हा ऐकलं. आवाज धरणगावच्या कोकिळाचा, चाल ओळखीची, आणि नाव... नाव तिच्या आईचं! जळगावच्या गुलाबबाई, कापडवाले अभयकुमार यांच्या धर्मपत्नी, महिनाभर नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहून मासखमणाची तपश्चर्या करत आहेत आणि त्याबरोबर मौनही पाळत आहेत, असं ते गाणं अख्ख्या जगाला सांगत होतं. सांगितलं नव्हतं ते फक्त पोटच्या मुलीला. गेल्या महिन्यापासून आईचा चोरून येणारा फोन का बंद झाला होता, ते जिनलला आत्ता, या क्षणी, एका गिऱ्हाइकाच्या फाइलमधून कळत होतं. आईही आपल्याला विसरली, असं मनाशी धरून ती इतके दिवस झुरत होती आणि तिकडे ती माउली अन्न आणि शब्द दोन्ही सोडून बसली होती... जिनलनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि ती भरदिवसा, दार उघडं असताना, ओक्साबोक्शी रडली.

मारवाडी जैन घरात कोणी एवढं मोठं तप केलं की घरचे लोक खास गाणं बांधून घेतात. तपस्वीचं कौतुक दोन ओळींत आटोपतं आणि मग सुरू होते नावांची माळ. सासू-सासरे, मुलं, सुना, नातवंडं... एखाद्या चुलत आत्याचं नाव राहिलं तर पुढची दोन वर्षं तिचा रुसवा काढत बसावं लागतं! असं गाणं लिहिणारा एक कवी जळगावात होता. गायला कोकिळा होती. लग्नातल्या अहिराणी गाण्यांनी तिचं नाव खेड्यापाड्यांत झालं होतं आणि तपाची गाणीही ती तितक्याच जिव्हाळ्यानं गायची. ती आपल्या घरी आवाज रेकॉर्ड करून ढोलकी-पेटीसकट सगळं धुळ्याला जिनलकडे मिक्सिंगला पाठवायची. जिनल कोणाची कोण, हे कोकिळाला ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी ती फक्त "धुळावाली ताई" होती.

आणि ही धुळेवाली ताई म्हणजे काय असामी होती! देवपुरातल्या एका खोलीत तिनं आपला स्टुडिओ थाटला होता. भिंतींना लावायला विकतचे फोम परवडेनात म्हणून तिनं कापसाच्या गाद्या शिवून घेतल्या आणि चारी भिंतींवर ठोकल्या. पहिल्यांदा येणारा माणूस विचारायचाच, की इथे गाणी होतात का बाळंतपणं! पण त्या गाद्यांच्या खोलीतून निघालेलं गाणं असं स्वच्छ वाजायचं, की शिरपूर, साक्री, पहूर, मुक्ताईनगर, कुठून कुठून स्वतःच्या हिमतीवर गाणी काढणारी पोरं-पोरी तिच्याकडे यायची. कोणी गोधडीखाली बसून गायलेलं असायचं, कोणाच्या कडव्यात कुकरची शिट्टी असायची, आणि प्रत्येकाचं मागणं एकच, "ताई, आवाज दणक्यात पाहिजे." जिनल हसायची. दणका तर देऊच, म्हणायची, पण आधी सगळ्यांना नीट बसायला जागा देऊ. ढोलकीनं गळ्याला झाकायचं नाही, गळ्यानं पेटीला दडपायचं नाही, मागच्या कोरसमधली बारीक आवाजाची मुलगीसुद्धा ऐकू आली पाहिजे. तिचं म्हणणं असं, की मिक्सिंग म्हणजे भरल्या घरात सगळ्यांना वाढणं. एवढं ज्ञान असलेल्या मुलीला स्वतःच्या घरात मात्र पाट उरला नव्हता.

झालं होतं असं, की जिनेशचं, तिच्या थोरल्या भावाचं, मुस्कानशी लग्न ठरत आलं होतं. दोघांचा एकमेकांवर जीव जडलेला. आणि ऐन वेळी मुस्कानच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी नाक मुरडलं. मुलाची बहीण वरातीत नाचायची गाणी बनवते, नाना तऱ्हेचे लोक तिच्याकडे येतात-जातात, असल्या घरात आम्ही मुलगी कशी द्यायची? जिनेश बहिणीपुढे येऊन लहान मुलासारखा रडला. काम सोड, असं तो म्हणाला नाही. तेवढा तो भला होता. पण म्हणावं लागतं कशाला? जिनलला काम सोडवणार नव्हतं, ते काम म्हणजे तिचा प्राण, आणि भावाचं लग्न मोडलेलं तर तिला मुळीच बघवणार नव्हतं. मग उरलं काय? स्वतःलाच घरातून वजा करणं! तिनं त्याच संध्याकाळी वडिलांसमोर उभं राहून, आयुष्यात कधी काढला नव्हता असा उर्मट सूर काढून सांगितलं, की मला स्टुडिओ हवाय, तुमचं घर नकोय. बिचारे अभयकुमार! उभ्या बाजारात ज्यांच्या शब्दाला किंमत होती, त्या माणसाला मुलीचं हे बोलणं काळजात रुतलं. ते एवढंच म्हणाले, "मग या घरात तुझं नाव निघणार नाही." ती धुळ्याला निघून आली, इकडे लग्न थाटात झालं. जिनेशला तिनं आपली शपथ घालून ठेवली होती. आणि तो गप्प राहिला... गप्प राहणं काही माणसांना फार सोपं जातं.

जिनलनं डोळे पुसले, तोंड धुतलं आणि पुन्हा हेडफोन चढवला. रडायचं ते रडून झालं होतं. आता काम होतं. आणि काम आईचं होतं!

नावांची माळ सुरू झाली. अभयकुमार... पप्पांच्या नावावर कोकिळानं सुरेख मींड घेतली होती. मग जिनेश. आणि जिनेशच्या पुढे... काहीच नाही. ढोलकीचा ठेका चालू, पेटीचा सूर धरलेला, आणि गळा मात्र गप्प. मग पुढे एकदम मुस्कान, छोटा अर्पित आणि बाकीचा गोतावळा. जिनलनं ती जागा पुन्हा ऐकली. तिला कळायचं ते कळलं होतं, तरी तिनं कोकिळाला फोन लावला आणि उगाच कोरडेपणानं विचारलं, की इथे काही गायचं राहिलंय का?

"नही ताई," कोकिळा म्हणाली, "तठे पोरगीनं नाव व्हतं. शेटनी काढाले लावं. मी सांगं, चाल लंगडी व्हस. त्या म्हनेत, व्हऊ द्या. आते तूच ढोलकीना तुकडा टाकी दे तठे, म्हंजे कोनले समजाव नही."

बरं, टाकते, म्हणून जिनलनं फोन ठेवला.

म्हणजे कवीनं नाव लिहिलं होतं! कवीला ते कोणी सांगितलं असणार? बोलणं सोडलेली आई खुणेनं सांगून गेली असेल, आणि पप्पांनी ते पुसलं. जिनल कितीतरी वेळ त्या जागेकडे पाहत राहिली. पडद्यावर गळ्याची रेघ तिथे सपाट झाली होती. मनात एक मोह डोकावून गेला, खोटं कशाला बोला. कोकिळाच्या आवाजाशी मिळतंजुळतं करून तीन अक्षरं तिथे टेकवणं हा तिच्या हातचा मळ होता. कोणाला पत्ताही लागला नसता. पण छे! आईच्या तपात चोरून शिरायचं? ज्या घरानं बोलावलं नाही तिथे मागच्या दारानं जाऊन बसायचं? ते तिच्या स्वाभिमानाला कदापि रुचलं नसतं.

मग तिनं सांगितल्याबरहुकूम ढोलकीचा तुकडा टाकून पाहिला. छान बसला, आणि खोटा वाटला. टाळ टाकून पाहिले. तेही खोटेच. दोन्ही बाजू जवळ ओढून जागाच मिटवून टाकली तर जिनेशनंतर मुस्कान अशी पटकन आली, जणू त्या घरात मधे कोणी कधी नव्हतंच. ते तर तिला ऐकवेना. शेवटी तिनं सगळं काढून टाकलं आणि ती जागा जशी होती तशीच ठेवली. उलट त्या क्षणापुरता पेटीचा सूरही हलका केला. इथे कोणीतरी होतं एवढं खरं आहे, आणि माझ्या हातून जे गाणं जाईल ते खरंच जाईल, असं तिनं मनाशी ठरवलं. पप्पांनी नाव काढलं, हा त्यांचा हक्क. पण रिकाम्या जागेवर रंग मारून ती भरलेली दाखवायची, हे काही माझं काम नाही.

बाकी गाण्यावर मात्र तिनं जीव ओतला. वडिलांचं नाव रुबाबात यावं, भावाचं ठसठशीत, वहिनीचं गोड. ज्या मुस्कानपायी घर सुटलं तिच्या नावावरची किंचित खरखरसुद्धा तिनं निगुतीनं काढली. आणि आईचं नाव आलं तेव्हा तिनं बाकी सगळं दोन पावलं मागे घेतलं, त्या एका नावाभोवती देवघरात असतो तसा मोकळेपणा ठेवला. असं काम तिनं आजवर कधी केलं नव्हतं. ते पाठवताना दुःख होतं, हो, होतंच, पण त्याहून वर एक ताठ अभिमान होता. माझ्या आईच्या तपाला शोभेल असं गाणं या खानदेशात दुसरं कोण करून देणार होतं?

शोभायात्रेच्या दिवशी ती जळगावला गेली. जायचं नाही असं ठरवलं होतं, पण निमित्त तयारच होतं. आपलं गाणं मिरवणुकीच्या गाडीवर कसं वाजतं ते ऐकल्याशिवाय तिला चैन पडायची नाही, आणि गाडी झुलालभाऊची होती. झुलालभाऊ पारोळ्याकडचा साउंडवाला, तिच्या जुन्या ओळखीचा. ती गाडीच्या मागे, स्पीकरच्या भिंतीआड, ओढणी डोक्यावरून घेऊन उभी राहिली. "ताई, तू गानं करस आणि गाडीना मांगे लपस?" झुलालभाऊ म्हणाला. ती म्हणाली, मागूनच नीट ऐकू येतं. त्याला ते पटलं नाही, पण त्यानं वाद घातला नाही.

सजवलेल्या बग्गीत गुलाबबाई बसल्या होत्या. केशरी चुनडी, वाळून गेलेले हात, आणि चेहऱ्यावर असं तेज की ओळखीच्या बायका नुसत्या पाहत राहिल्या. बग्गीपुढे अभयकुमार पागोटं बांधून चालत होते. आज त्यांची मान आभाळाला लागली होती. आणि का लागू नये? महिनाभराचं तप काय खायचं काम आहे! जिनलनं दोन स्पीकरांच्या फटीतून आईला पाहिलं आणि ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

गाणं सुरू झालं. गल्ली भरून गेली. बायका टाळ्या देत बरोबर गाऊ लागल्या. समोरच्या घरातल्या कुंदाबाई सगळ्यांत पुढे, कारण या घरातल्या मुलांची नावं त्या त्यांच्या बारशापासून गात आल्या होत्या. अभयकुमार... जिनेश... आणि ती मोकळी जागा आली. कुंदाबाईंच्या तोंडून सवयीनं, खणखणीत, निघून गेलं, "जिनल!"

त्यांनी जीभ चावली, पण तोवर मागच्या दहापाच जणींनीही तेच नाव घेतलं होतं. अभयकुमारांनी गर्रकन वळून पाहिलं. बायका चपापल्या. गाणं संपलं आणि पुन्हा सुरुवातीपासून लागलं, कारण मिरवणुकीत तेच गाणं फिरून फिरून वाजतं. या वेळी जिनेशच्या नावानंतर सगळ्या जणी गप्प बसल्या. टाळीसुद्धा थांबली. आणि मग तो रिकामेपणा अख्ख्या गल्लीला ऐकू आला. पुढच्या फेरीत तर बायका आधीच घाबरून खाली बघायला लागल्या. अभयकुमारांना वाटलं असेल, सगळं गाव आपल्याकडे बघतंय. गाव बघतही होतं.

त्यांनी जिनेशला बोलावून सांगितलं, जा, त्या गाडीवाल्याला म्हणावं तिथे काहीतरी वाजव, नाहीतर ते कडवंच काढ. जिनेश गाडीमागे आला आणि समोर बहीण पाहून जागीच थांबला.

"पप्पांनी सांगितलंय, ती जागा..." जिनेश सांगू लागला.

जिनलनं सगळं ऐकून घेतलं. तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला आणि झुलालभाऊला पुढच्या फेरीला थोडं थांबायला सांगितलं. आईचा आजचा दिवस बिघडता कामा नये, बस. "भैया, दोन मिनिटं दे," ती शांतपणे म्हणाली. "मिटवते ती जागा. कोणाला कळणारसुद्धा नाही."

जिनेशनं लॅपटॉप खाडकन मिटला. इतकी वर्षं गप्प राहिलेला तो माणूस आता बोलला.

"माझ्या लग्नासाठी तू घरातून गेलीस. मी बघत राहिलो. आता गाण्यातूनही जाशील, आणि मी परत बघत राहू?"

तो तडक वडिलांकडे गेला. त्या गर्दीत, पाहुण्यांसमोर, मुस्कानच्या माहेरच्यांसमोर त्यानं काय काय सांगितलं ते जिनलला ऐकू आलं नाही, पण दिसलं. सोयरीक कशावरून अडली होती, बहिणीनं तो उर्मट सूर कुणासाठी काढला होता, आणि आपल्याला शपथेत बांधून ती कशी निघून गेली, हे त्यानं एका दमात ओकून टाकलं. मुस्कानही त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. ते आपल्यालाही ठाऊक होतं, आपल्या काकांनाही ठाऊक होतं, असं तिनं मान वर करून सांगितलं. अभयकुमार ऐकत होते. पागोट्याखाली त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी बग्गीकडे पाहिलं. गुलाबबाईंना हे नवीन नसावं, आईला कुठे काय नवीन असतं... त्या नवऱ्याकडे एकटक पाहत होत्या. मौन होतं. ते त्या मोडणार नव्हत्या. आपल्याला बोलता येत नाही, आता तुम्ही बोला, असं त्यांचे डोळे म्हणत होते.

तेवढ्यात झुलालभाऊनं, कोणी सांगितलं नसताना, गाणं पुन्हा लावलं.

गुलाबबाई... अभयकुमार... जिनेश... बायकांनी श्वास रोखले. ती जागा आली, आणि निघून जाते की काय असं वाटत असतानाच अभयकुमारांनी, ज्यांना जन्मात कधी सूर लागला नव्हता त्या अभयकुमारांनी, भर रस्त्यात, कापडाच्या गठ्ठ्यावर उभं राहून हमालाला हाक मारावी तसं ओरडून नाव घेतलं, "जिनल!"

नाव ठेक्यावर पडलं नाही. मुस्कानच्या नावावर जाऊन आदळलं. पण कुंदाबाईंनी टाळी दिली आणि अख्ख्या गल्लीनं ते उचललं. अभयकुमार गर्दी कापत गाडीमागे आले. झुलालभाऊला वाटलं, आता शिव्या बसणार. तो घाईघाईनं म्हणाला, "हाई ताईनी बनाडं शेट, बठ्ठं गानं. आपलं काई नही."

"ताई काय म्हणतोस," अभयकुमार म्हणाले. त्यांचा आवाज आजूबाजूच्या दहा घरांना जाईल एवढा होता. "माझी मुलगी आहे ती. एवढं मोठं काम करते, आणि मी लोकांना सांगत फिरलो, पुण्याला नोकरीला आहे म्हणून."

जिनल वाकून पाया पडायला गेली, पण त्यांनी तिला वाकू दिलं नाही. स्पीकरचा दणदणाट चालू होता, बापलेक एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते, आणि जिनेश, ज्याला मिठीत शिरायचं धाडस होत नव्हतं, त्याला जिनलनंच हात धरून ओढून घेतलं.

पारणं घरीच झालं. वाटीत मुगाचं कोमट पाणी होतं. पहिला घोट कोणी द्यायचा यावरून सगळ्याच घरांत मानपान असतो, पण त्या दिवशी कोणी काही बोललंच नाही. वाटी आपसूक जिनलच्या हातात आली. गुलाबबाईंनी तो हात आपल्या दोन्ही हातांनी धरला आणि घोट घेतला. मौन सुटलं. सगळे कान टवकारून बसले, की एवढ्या तपानंतर ही माउली पहिला शब्द कोणता बोलते, देवाचं नाव घेते की आशीर्वाद देते.

"माझं नाव एवढं गोड आहे," त्या लेकीला म्हणाल्या, "मला आजवर माहीतच नव्हतं गं."

जिनलला आजवर पुष्कळ गिऱ्हाइकांनी शाबासकी दिली होती, कोणी पेढे आणले होते, कोणी स्टेजवरून नाव घेतलं होतं. ते सगळं एकीकडे आणि हे एकीकडे.

दुपारी पंगती उठल्यावर कोकिळाचा फोन आला. झुलालभाऊनं तिला सगळं कळवलं होतं. आता ते नाव नीट, सुरात गाऊन पाठवते, ताई तू फक्त बसवून घे, असं ती परोपरीनं सांगत होती. जिनलनं फोन स्पीकरवर टाकून वडिलांकडे पाहिलं. कसं करायचं ते त्यांनीच सांगावं, असं तिच्या मनात होतं. अभयकुमार थोडे संकोचले. मग म्हणाले, की चांगल्या गळ्यात ते नाव शोभेल, यात शंका नाही, पण तेवढी एक जागा मला राहू दे. पुन्हा लाव बरं.

तिनं गाणं लावलं. घरचे सगळे भोवती बसले. अर्पित आजोबांच्या मांडीवर. जिनेशचं नाव आलं, गळा थांबला, आणि अभयकुमारांनी छाती भरून लेकीचं नाव घेतलं, याही वेळी जरा उशिरा. सगळे हसले. जिनल हसता हसता रडत होती, आणि म्हणाली, "पप्पा, असंच."